मोर्तामावशीच्या मयताची बिअर

झेनोनास शिम्कुस वारला तेव्हा वार्नुपे गावात बिअर नव्हती. म्हणजे होती, पण ती बिर्झायच्या मेळाव्यासाठी राखलेली होती, बक्षीस आणायला.

वार्नुपेत लग्नाच्या बिअरला नाही म्हणता येतं, बारशाच्या बिअरला नाही म्हणता येतं. मयताच्या बिअरला नाही म्हणता येत नाही. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, कारण लिहून ठेवायची वेळ यावी असं ते कुणी कधी मोडलंच नव्हतं. मयत घरात असेपर्यंत स्तोत्रं म्हणणारे बसतात. त्यांचे घसे ओले राहावे लागतात आणि ते गावात केलेल्या बिअरनेच राहावे लागतात. नाहीतर मेलेला कोरडा गेला असं म्हणतात. कोरडा गेलेला पुढे कुठे जातो याबद्दल फादर काही सांगत नाहीत. गावाला ठाऊक आहे.

गावात बिअर करणारा एकच, ल्युदास दागिस. तो दारात येऊन झेनोनासच्या बायकोला, टेक्लेला म्हणाला, "वहिनी, पिंपं सगळी मेळाव्याला कबूल केलीत. परीक्षक राजधानीतून येणारेत. झेनोनास असता तर त्याने समजून घेतलं असतं."

झेनोनासने समजून घेतलंच असतं. उभ्या हयातीत त्याने दुसरं काही केलं नव्हतं. ल्युदासकडचं पाणी त्याने भरलं, जव त्याने भरडले, भट्टीत लाकडं त्याने सारली आणि संध्याकाळी एक मग पिऊन तो घरी आला. ल्युदासच्या बिअरमध्ये जव, पाणी आणि हॉपची फुलं होती असं लोक म्हणत. त्यात झेनोनासचं समजून घेणंही होतं, ते कुणाच्या जिभेला कळत नसे. आता तो बाहेरच्या खोलीत नव्या कोटात आडवा होता आणि समजून घेण्याचं काम टेक्लेवर येऊन पडलं होतं. तिला त्याची सवय नव्हती.

ल्युदासने दुकानातल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पाठवल्या. स्तोत्रं म्हणणाऱ्यांनी त्या निमूट प्यायल्या आणि सूर नेहमीपेक्षा खाली लावला.

दफनानंतरच्या जेवणाचीही एक रीत आहे. यजमान उठतो, बिअर कुणी केली त्याचं नाव घेतो. ज्याने केली तो पहिला घोट घेतो, त्यानंतर बाकीचे आपापले मग उचलतात. टेक्ले उठली. कुणाचं नाव घ्यायचं? ती उभी राहिली तशीच खाली बसली. टेबलाभोवती सगळे मगांकडे बघत राहिले. शेवटी ल्युदासनेच, इतक्या वर्षांच्या सवयीने, पहिला घोट घेतला. आणि तोंड वाकडं केलं. थोडंसंच, जाणकाराने करावं तेवढं.

टेक्लेच्या हातात कोबी वाढायचा डाव होता. तिने ते तोंड पाहिलं, आणि डाव परत पातेल्यात ठेवला.

ती भडक माथ्याची बाई नव्हती. शाळेच्या भोजनगृहात तिने दोन पिढ्यांना जेवू घातलं होतं, आणि कुणी ताटात काय टाकलं होतं ते तिला त्या मुलांना नातवंडं झाली तरी आठवत असे. तिचा राग चुलीसारखा नव्हता, भट्टीसारखा होता. पेटायला वेळ, पण एकदा तापला की मग जवळ जायची सोय नाही.

त्या जेवणाची भांडी घासतानाच तिच्या डोक्यात गोष्ट जुळली होती. ज्या घरात मयत असतं त्या घरची बिअर त्या मयताला चालत नाही. नवी करायची नाही, तळघरातली काढायची नाही. मेलेल्याने आपल्याच घरचं पिऊन निघू नये, पाय निघत नाही म्हणतात. आणि दुसऱ्या गावची बिअर म्हणजे दुकानातल्या बिअरची चुलतबहीण. म्हणून पूर्वी प्रत्येक गावात बिअर करणारे दोघं असत, एकाच्या घरचं मयत दुसऱ्याने सांभाळायचं. वार्नुपेतला दुसरा, म्हातारा आंचुस, गेला तेव्हा त्याच्या मुलांनी पिंपं अर्धी कापून त्यांत फुलझाडं लावली. आपण एकटेच उरलो याचा ल्युदासला इतका आनंद झाला की एकटं उरणं म्हणजे काय, हा विचार त्याला शिवला नाही.

टेक्लेला शिवला. ल्युदासची आई मोर्ता नव्वदी ओलांडून बसली होती.

म्हातारी कधीतरी मरणार. ल्युदासला स्वतःची बिअर चालणार नाही. वार्नुपेत दुसरी भट्टी असेल तर तो त्या दारात येईल, टोपी हातात घेऊन. आणि टेक्ले म्हणेल, नाही. त्याच्यापुढे एक शब्द नाही.

आता, भट्टी नसती तरीही ल्युदासची पंचाईत झालीच असती, हे तिला कळत होतं. पण त्यात मजा नव्हती. नाही म्हणायला आधी हो म्हणायची ऐपत लागते. जिच्याकडे बिअर नाही तिचा नकार हा नकार नव्हे, ती नुसती अडचण.

जागा वेगळी हवी होती. स्वयंपाकघरात केलेली बिअर घरच्यांनी प्यावी, मयताला ती धरत नाहीत. वार्नुपेचा नियम असा की ज्या खोलीत बटाटा ठेवला जातो तिथली बिअर चारचौघांत मांडायची नाही. तळघरात बटाटे होते, कोठारात बटाटे होते, न्हाणीघराच्या ओसरीवरसुद्धा बियाण्याचे बटाटे होते. टेक्लेच्या आवारात बटाटा न शिरलेली एकच जागा होती, झेनोनासचं गॅरेज.

तिने शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने मोटार ओढून सफरचंदाच्या झाडाखाली उभी केली. कोंबड्यांनी मागची सीट लगेच ताब्यात घेतली. मग तिने फेलिक्सासला बोलावलं. फेलिक्सास भट्ट्या बांधायचा, आणि बांधताना बोलायचा.

"एवढी मोठी भट्टी कशाला, टेक्लेताई? पाव दुकानात मिळतो."

"बिअर करायचीय."

"मग ल्युदासला सांग की."

"ल्युदाससाठीच करतेय."

फेलिक्सासने थापी खाली ठेवली. टेक्ले विधवा, ल्युदासची बायको मुलीकडे आयर्लंडला गेली ती तिथलीच झालेली. त्याने मनाशी एक अर्थ लावला, आणि भट्टी पुरी व्हायच्या आत गावानेही तोच लावला. टेक्लेने कुणालाच दुरुस्त केलं नाही. सूड उगवणाऱ्याबद्दल लोकांना प्रेमाचा संशय यावा यापेक्षा चांगला आडोसा मिळायचा नाही.

भिंतींना चुना झाला. खिडकीला बारीक जाळी बसली. शेजारच्या गावच्या पिंपवाल्याकडून ओकच्या लाकडाची तीन पिंपं आली, ती तिने जुनिपरच्या फांद्यांची धुरी देऊन वास जाईपर्यंत उकळत्या पाण्याने धुतली. गाळायला तोटीचा लाकडी टप आला. तांब्याचा हंडा तिच्या सासूचा होता, तो घासताना तिचे हात चार दिवस हिरवे राहिले. शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ तिने तिथे लावलं. दारावर कडी, कडीला कुलूप. खोली तयार झाली. नव्हतं ते एकच, बिअर आंबवायचं विरजण.

जिवंत विरजण गावात एकाकडेच होतं.

विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. तरी टेक्लेने खबरदारी म्हणून रविवारची प्रार्थना सुटायची वेळ धरली. ल्युदासच्या फाटकाशी तेव्हा पाचसहा जण उभे असतात. ती काचेची बरणी घेऊन त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"विरजण हवंय."

"तुला? कशाला, वहिनी?"

"विरजण मागणाऱ्याला कशाला म्हणून विचारतात का?"

"नाही विचारत," ल्युदास म्हणाला. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "पण ऐकलं ते खरं तर. गॅरेजातली बिअर. जपून हं, वहिनी. प्यायल्यावर हॉर्न वाजायला लागेल."

लोक हसले. फेलिक्सास जास्त हसला, भट्टी त्याची होती म्हणून. ल्युदास आत गेला आणि बरणी भरून घेऊन आला. वर दाट फेस होता, पिवळसर, जिवंत. त्यातही तो फसवाफसवी करणारा माणूस नव्हता, आणि हे टेक्लेला फार लागलं. पातळ देता तर बरं झालं असतं.

विरजण देणाऱ्याचे आभार मानायचे नसतात, मानले तर ते मरतं. टेक्लेला आयुष्यात पहिल्यांदाच एखादी जुनी रीत मनापासून पटली. बरणी कोटाखाली धरून ती एक शब्द न बोलता निघाली.

पहिली बिअर तिने जशी तिची आई करी तशी केली. मोड आणून वाळवलेले जव भरडले, गरम पाण्यात मळले, त्या पिठाचे गोळे भट्टीत काळसर होईपर्यंत भाजले. ते फोडून टपात पेंढ्यावर टाकले, वर उकळतं पाणी. तोटीतून तांबूस गोड काढा उतरला. हॉपचं पाणी घातलं, निवल्यावर विरजण. दुसऱ्या दिवशी फेस टपाच्या काठाबाहेर आला आणि टेक्ले बराच वेळ त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली. एखाद्याचा सूड असा डोळ्यांदेखत फसफसून वर येतो, हे फार थोड्यांच्या नशिबी असतं.

तिने पहिली सुरई मोर्ताकडे नेली. मोर्ता ल्युदासच्या घराच्या मागच्या खोलीत राहायची. त्या खोलीला स्वतंत्र दार होतं आणि म्हातारीला स्वतंत्र मतं. टेक्ले लग्न होऊन आली तेव्हापासून दोघींचं जमायचं.

मोर्ताने घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि खिडकीतल्या कुंडीत थुंकला.

"काय झालं, मावशी?"

"ग्रीस."

टेक्लेने स्वतः चाखून पाहिली. ग्रीसच होतं. झेनोनासने जन्मभर मोटारीखाली सांडलेलं सगळं तेल सिमेंटच्या जमिनीत मुरलं होतं, आणि गरम वाफेने ते पुन्हा वर आलं होतं.

"शनिवारी त्याच्या हाताला हाच वास यायचा," मोर्ता म्हणाली. "माझं रहाटाचं चाक दुरुस्त करायला आला की. दे इकडे, अजून एक घोट घेते."

तो तिने थुंकला नाही. टेक्लेने सुरई तिथेच ठेवली आणि घरी येऊन फेलिक्सासला निरोप पाठवला. जमीन फोडायची होती.

नवी जमीन झाली. टाइल्सची, दाराकडे उतार, मध्ये पन्हळ. टेक्लेने बादलीभर पाणी ओतून उतार तपासला. पाणी भट्टीखाली जाऊन थांबलं.

"जरा इकडे कललंय," फेलिक्सास म्हणाला.

"जरा?"

"जमिनीला पण स्वतःचं मत असतं, ताई."

"फोड."

तिसरी जमीन बरोबर झाली. त्यावर केलेली बिअर सुरईत घेऊन ती पुन्हा मोर्ताकडे गेली. मोर्ता प्यायली. पुन्हा प्यायली. मग सुरई स्वतःच्या बाजूला ओढून घेतली.

"तू माझ्या मरणाची वाट बघतेयस," ती म्हणाली.

टेक्लेने आपले पायमोजे सारखे केले. "घाई नाही, मावशी."

"मलाही नाही. पुढच्या खेपेला थोडी गोड कर. ल्युदासची कडू असते. परीक्षकांना कडू आवडते म्हणतो. परीक्षक काय मेलेत का?"

त्या दिवसापासून दर शनिवारी सुरई जाऊ लागली. आणि एक विचित्र गोष्ट घडू लागली. मोर्ता सुधारायला लागली. तिच्या गालांवर रंग आला, रात्रीचा खोकला थांबला, दवाखान्याची नर्स रक्तदाब बघून यंत्र हलवून बघू लागली. ईस्टरला म्हातारी काठीशिवाय चर्चच्या पायऱ्या चढली. टेक्ले मागच्या बाकावरून बघत होती. तिचा सूड तिच्याच बिअरवर बाळसं धरत होता, आणि तिला सुरई बंद करणं काही सुचत नव्हतं. सुचलं एकदा. त्या शनिवारी ती उशिरा गेली, एवढंच.

तोवर गाव गॅरेजाच्या दाराशी येऊ लागलं. आधी फेलिक्सास, भट्टी कशी चालते बघायला. मग त्याची मेहुणी, बारशाला अर्धं पिंप मागायला. टेक्लेला हे धंद्याचं लोढणं नको होतं. तिला एकाच माणसाला नाही म्हणायचं होतं, आणि त्यासाठी सगळ्यांना हो म्हणावं लागत होतं.

एक दिवस ल्युदास स्वतः आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. बोलावल्याशिवाय बिअरच्या खोलीत पाय टाकत नाहीत, आणि टेक्लेने बोलावलं नाही.

"उतार छान निघालाय," तो म्हणाला.

"हं."

"गव्हाचा पेंढा घालतेस टपात?"

"मग?"

"राय धान्याचा घाल. गव्हाचा बसतो, काढा गढूळ येतो."

"मला गढूळ आवडतो."

"बरं," ल्युदास म्हणाला. तो गेला नाही. "झेनोनासने कधी सांगितलं नाही तुला हे?"

"झेनोनास तुझ्याबद्दल घरी फार बोलायचा नाही. थकून यायचा."

ल्युदासने टोपी सारखी केली आणि गेला. पुढच्या तीन खेपांना टेक्लेने मुद्दाम गव्हाचाच पेंढा घातला, आणि तिन्ही वेळा काढा गढूळ आला. चौथ्या खेपेला तिने दाराला आतून कडी लावून रायचा घातला. काढा काचेसारखा उतरला. त्या दिवशी ती भट्टीशी उगाचच भांडी आपटत राहिली.

हेमंत आला तसा मोर्ताचा जोर ओसरला. आता ती सुरईकडे नुसतं बघायची. एका शनिवारी तिने टेक्लेला खाटेवर बसायला लावलं.

"तू त्याला नाही म्हणणार."

"कुणी सांगितलं?"

"मला डोळे आहेत. तुझ्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. मी तर त्याच जेवणात मग फेकून मारला असता. त्याने तोंड वाकडं केलं ते मी पाहिलं." मोर्ता दमली, थांबली. "पण एक सांग. तू नाही म्हटलंस, तर कोरडं कोण जाईल?"

टेक्लेने सुरई उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"तो नाही जायचा. तो तळघरात उतरेल, आपली बिअर पिईल, माझ्यासाठी रडेल, झोपेल. कोरडी मी जाईन, बये."

टेक्लेने इतक्या दिवसांत सगळा विचार केला होता. पिंपं, पेंढा, उतार, ग्रीस. त्या सगळ्यात मोर्ता ही एक तारीख होती, नक्की नसलेली. ती तारीख समोर रजईत बसून तिच्याकडे बघत होती.

"मग मी करू काय?"

"मला काय विचारतेस? मुलगा माझा आहे." मोर्ताने डोळे मिटले. टेक्लेला वाटलं झोपली. मग ती म्हणाली, "पण त्याला सोपं जाऊ देऊ नकोस. त्याला जन्मापासून सगळं सोपं गेलं. ती माझी चूक."

पहिला बर्फ पडायच्या आधी चर्चची घंटा वाजली. टेक्ले तेव्हा टप घासत होती. तिने हात थांबवले, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुन्हा घासायला लागली, आधीपेक्षा जोरात. ल्युदास आला तेव्हा ती टपात कमरेपर्यंत वाकलेली होती.

"वहिनी. आई गेली."

"घंटा ऐकली."

"बिअर..."

"काय बिअर?"

"बिअर लागेल."

"कुणाला?"

"आईला."

"कुणाची?"

ल्युदासच्या हातात टोपी होती. ती तो एकदा डाव्या हातात घेई, एकदा उजव्या. "तुझी," तो म्हणाला.

टेक्ले टपातून वर आली. नाही हा शब्द तिच्या तोंडात इतके महिने होता की घोळून घोळून नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. तिने तोंड उघडलं.

"कोपऱ्यातलं पिंप ने," ती म्हणाली. "गोड आहे. तिने सांगितली तशी. तिला कोरडी पाठवणार नाही मी."

"वहिनी, मी..."

"माझं झालं नाही. जेवणाला माझं नाव घेशील."

"घेईनच की. रीतच आहे."

"आणि नाव घेतल्यावर सांगायचं, झेनोनास कोरडा गेला, आणि कुणामुळे गेला."

"आईच्या जेवणात?"

"त्याच्याही जेवणातच झालं ते."

"लोकांना ठाऊक आहे, टेक्ले." वहिनी गळून पडलं होतं.

"लोकांना ठाऊक आहे. तुझ्या तोंडून नाही ठाऊक."

त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पिंप हातगाडीवर चढवलं आणि घेऊन गेला. टेक्लेला कळत होतं की तिने हातातली एकुलती एक गोष्ट आधीच देऊन टाकली. कुणी व्यवहारी बाईने असं केलं नसतं. तिने उरलेला टप घासला.

मयताजवळ स्तोत्रं म्हणणाऱ्यांनी त्या खेपेला सूर वर लावला. खालच्या आळीपर्यंत ऐकू जात होतं. मोर्ता ओलीचिंब गेली.

दफनानंतर ल्युदासच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली. राय धान्याचा पाव, जिऱ्याचं चीज, हेरिंग मासे, बटाट्याचा भाजलेला कुगेलिस वाफा सोडत होता. टेक्लेला बिअर करणाऱ्याच्या जागी बसवलं, टेबलाच्या टोकाला, जिथे आजवर ल्युदास बसत आला होता. सगळ्यांचे मग भरले गेले.

ल्युदास उठला. "ही बिअर टेक्ले शिम्कुवियेनेने केली," तो म्हणाला, शिम्कुसच्या बायकोला लागतं ते पूर्ण नाव घेऊन, आणि बसला.

सगळ्यांनी टेक्लेकडे पाहिलं. तिने पहिला घोट घ्यायचा, मग बाकीच्यांनी. टेक्लेने हात मांडीवर ठेवले.

कुगेलिसची वाफ विरळ झाली. फादर खोकले. मगातला फेस हळूहळू बसत होता, आणि बसणारा फेस बघणं ही वार्नुपेच्या माणसाला देहदंडाच्या खालची शिक्षा आहे.

"टेक्लेताई, घे की घोट," फेलिक्सास म्हणाला. स्तोत्रांत खालचा सूर त्याचा होता, घसा घासलेला. "माणसं खोळंबलीत."

"मी ऐकतेय," टेक्ले म्हणाली.

"काय ऐकतेयस? कुणी बोलत नाहीये."

"म्हणून तर."

ल्युदास ताटाकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोलीत जितके लोक होते तितक्यांना हळूहळू कळायला लागलं की हे काय चाललंय, आणि कुणीही मगाला हात लावला नाही. रीत म्हणून असेल. किंवा त्यांनाही ऐकायचं असेल.

तो दुसऱ्यांदा उठला. टेबलाची कड धरून उठला.

"झेनोनास," तो म्हणाला आणि थांबला. "झेनोनास शिम्कुस कोरडा गेला. बिअर होती. मी दिली नाही. मेळाव्याला नेली." त्याने श्वास घेतला. "तिसरा आलो."

हे शेवटचं त्याला कुणी सांगायला लावलं नव्हतं.

दाराजवळ म्हातारा क्लेओपास बसला होता, दोन्ही कानांनी बहिरा. त्याने शेजारणीला ढोसलं. "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, झेनोनासला ह्याने कोरडा पाठवला," शेजारीण त्याच्या कानात ओरडली.

"ते ठाऊक आहे," क्लेओपास म्हणाला. "नवीन काय?"

टेक्लेने मग उचलला आणि घोट घेतला. अख्ख्या टेबलाने एकदम मग उचलले. बिअर चांगली होती. हॉप किंचित जास्त झाला होता, हे तिला पहिल्याच घोटाला कळलं, आणि ते दुसऱ्या कुणाला कळेल तर एकालाच. तिने ल्युदासच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने मग तोंडाला लावला, गिळला, आणि तोंड होतं तसंच राहिलं. त्याने मग रिकामा केला आणि पुन्हा भरायला पुढे केला. टेक्ले त्याच्या तोंडावरून नजर काढत नव्हती. एक सुरकुती जरी हलती तरी तिला पुरली असती. हलली नाही.

तिला वाटलं होतं की या घटकेला काहीतरी सुटेल, गाठ असेल किंवा बूच असेल. सुटलं काहीच नाही. ती दोन वेळा कुगेलिस जेवली.

आठवड्याने ल्युदास रिकामं पिंप परत घेऊन आला. न धुतलेलं पिंप परत करणं म्हणजे त्या घराशी जन्माचं वैर, म्हणून टेक्लेने ते दारातच उतरवून घेतलं आणि तो फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबली. मग आत नाक घातलं. धुतलेलं होतं. नुसतं धुतलेलं नाही, उकळत्या पाण्याने, आणि जुनिपरची धुरीही दिलेली, तिने स्वतः दिली असती त्यापेक्षा बरी. तिने पिंप उलटं करून बघितलं. पट्ट्या पुसलेल्या. तोटी तेल लावलेली. तिने पिंप आडवं करून गोल फिरवलं, हाताने चाचपलं, पुन्हा नाक घातलं. इतका नीट माणूस, आणि इतका उशिरा नीट.

मग तिला बूच दिसलं.

तिचं बूच आल्डरच्या लाकडाचं होतं, स्वतः तासलेलं, वरून थोडं चपटं. हे बर्चचं होतं. ल्युदासच्या तळघरातलं, त्याचंच. मयताच्या गडबडीत बदललं असेल. कुणाकडूनही बदललं असतं. पण बदललं होतं ते ल्युदासकडून.

टेक्लेने ते खिडकीच्या कट्ट्यावर, येताजाता नजरेला पडेल असं ठेवलं. थोडं मागे होऊन पाहिलं. मग बाह्या वर सारल्या आणि फार दिवसांनी हलक्या हाताने भट्टीत लाकडं घालायला बसली.